पाणी कुठून कुठे जातं, आणि गुणसूत्रं ४६ की ९२?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. एका पुस्तकात ‘परासरणात पाणी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातं’ असं आहे आणि दुसऱ्यात नेमकं उलट. एकीकडे ‘एस टप्प्यात (विभाजनाआधी डीएनएची प्रत बनते त्या टप्प्यात) गुणसूत्रं दुप्पट होतात’ आहे, तर दुसरीकडे ‘संख्या तीच राहते’. ग्लुकोज प्रथिनाच्या मदतीने आत जातं, तरी त्या वहनाला निष्क्रिय का म्हणायचं, हेही तुम्हाला पटत नाही. जाता जाता तुम्ही आणखी एक विचारलंय, की पेशी विभाजित होत असताना पटलातून होणारी ये-जा थांबते का. आणि परीक्षा तोंडावर असल्यामुळे यातलं कोणतं वाक्य पाठ करू?

पाठ यातलं कुठलंच करू नका. दोन्ही पुस्तकं बहुधा बरोबरच असतील. ती वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत आणि कोणती गोष्ट मोजली ते सांगायला विसरलीयत. मी आयुष्यातली बरीच वर्षं गुणसूत्रांच्या प्रयोगशाळेत काढली. काम एका वाक्यात सांगायचं तर पेशी फुगवायच्या, फोडायच्या आणि गुणसूत्रं मोजायची. त्यामुळे तुमचे हे दोन प्रश्न, पाण्याचा आणि गुणसूत्रांचा, माझ्यासाठी एकाच टेबलावरचे आहेत. ते कसं, हे पुढे येईलच.

आधी पाणी. ‘संहती’ म्हटलं की लगेच विचारायचं, कशाची? मिठाच्या दाट द्रावणात मीठ जास्त असतं, म्हणजे तेवढ्याच आकारमानात पाणी थोडं कमी असतं. पाण्याच्या नजरेने बघितलं तर ते जिथे स्वतः जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे जातं. विरघळलेल्या पदार्थाच्या, म्हणजे द्राव्याच्या नजरेने बघितलं तर तेच पाणी कमी द्राव्याकडून जास्त द्राव्याकडे जातं. हालचाल एकच, वर्णनं दोन. परीक्षेत ‘द्राव्याची’ किंवा ‘पाण्याची’ हा शब्द स्वतः लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला शंकेला जागा उरत नाही.

इथे बरेच शिक्षक थांबतात. मला थोडं पुढे जायचंय, कारण खरी अडचण यानंतर सुरू होते. शुद्ध पाण्याच्या एका लिटरमध्ये पाण्याचे सुमारे ५५.५ मोल असतात (मोल हे कण मोजायचं एकक). आपल्या रक्तद्रवात विरघळलेल्या सगळ्या कणांची बेरीज लिटरमागे सुमारे ०.२९ मोल. म्हणजे शुद्ध पाणी आणि रक्तद्रव यांच्यात पाण्याच्या प्रमाणाचा फरक कसाबसा अर्धा टक्का. एवढ्याशा फरकाने काय होणार असं वाटतं, पण त्याचा परासरण दाब शरीराच्या तापमानाला साडेसात वातावरणांच्या जवळ जातो. तांबड्या रक्तपेशीचं पटल इतका ताण सोसू शकत नाही. तिला ऊर्ध्वपातित पाण्यात टाकलं की ती फुगते आणि फुटते. वनस्पतिपेशी फुटत नाही, कारण बाहेरची पेशीभित्तिका तो दाब अंगावर घेते. म्हणून ‘पेशी अवपरासारी (पेशीच्या आतल्यापेक्षा पातळ) द्रावणात ठेवली तर काय होईल’ या प्रश्नाचं उत्तर पेशी कोणाची आहे यावर अवलंबून असतं. प्रश्नात ते दिलं नसेल तर उत्तरात दोन्ही शक्यता लिहा.

दुसरी गोष्ट म्हणजे कण मोजायचे, ग्रॅम नव्हे. मिठाचं एक एकक विरघळलं की सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण होतात, ग्लुकोजचा एकच राहतो. त्यामुळे ०.१५ मोलरचं (लिटरमागे ०.१५ मोल) मिठाचं द्रावण आणि ०.३ मोलरचं ग्लुकोजचं द्रावण परासरणाच्या हिशेबात जवळजवळ सारखी. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के असं लिहिलेलं असतं, ते या हिशेबातूनच आलंय. लिटरमागे ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सुमारे ०.१५४ मोल, म्हणजे दुप्पट कण.

तिसरी गोष्ट मात्र हुशार विद्यार्थ्यांनाही चकवते. मी प्रात्यक्षिकात एक प्रयोग हमखास करून घ्यायचो. दोन परीक्षानळ्या घ्यायच्या. एकीत ०.१५ मोलर मिठाचं द्रावण, दुसरीत ०.३ मोलर युरियाचं. कणांची संख्या दोन्हींत सारखी. दोन्हींत रक्ताचा एकेक थेंब टाकायचा आणि नळीमागे छापील कागद धरायचा. मिठाच्या नळीतलं द्रावण गढूळ राहतं, मागची अक्षरं दिसत नाहीत, कारण पेशी शाबूत असतात आणि प्रकाश विखुरतात. युरियाच्या नळीतून थोड्याच वेळात अक्षरं स्वच्छ वाचता येतात, कारण पेशी फुटून गेलेल्या असतात. विद्यार्थी माझ्याकडे असे बघायचे, जणू मी बाटल्या बदलल्या!

बाटल्या बदललेल्या नसायच्या. युरिया तांबड्या पेशीच्या पटलातून सहज आत शिरतो. तो आत गेला की बाहेरचे कण कमी झाले, आतले वाढले, आणि पाणी त्याच्यामागोमाग आत आलं. मिठाला पटल तसं आत सोडत नाही, म्हणून ते बाहेर राहून पाण्याला धरून ठेवतं. म्हणजे द्रावण समपरासारी, म्हणजे पेशीला ना फुगवणारं ना आकसवणारं, आहे की नाही हे नुसत्या द्रावणाकडे बघून ठरत नाही. कोणतं पटल, आणि त्याला कोणता कण ओलांडता येतो, हेही विचारावं लागतं. ‘निवडक्षम पारपटल’ हा शब्द आपण घोकतो. त्यातल्या ‘निवडक्षम’चा अर्थ मला स्वतःला या युरियाच्या नळीपाशी कळला.

आता वहन. पटल म्हणजे मेदाचा दुहेरी थर, जाडी ५ नॅनोमीटरच्या आसपास. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांसारखे लहान, विद्युतभार नसलेले रेणू त्यातून सरळ पार होतात. आयन आणि साखर यांना तो थर ओलांडता येत नाही, त्यांना प्रथिनाची वाट लागते. पाणी मेदातूनही थोडं झिरपतं, पण काही पेशींत ते इतक्या वेगाने जातं की नुसत्या झिरपण्याने हिशेब लागत नव्हता. पीटर ॲग्रे यांच्या गटाने १९९२ मध्ये तांबड्या पेशीतलं एक प्रथिन हे पाण्याचं द्वार असल्याचं दाखवलं, तेच ॲक्वापोरिन. त्यासाठी ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत विभागून.

तुमची गफलत इथे आहे. प्रथिन लागलं म्हणजे ऊर्जा लागली, असं तुम्ही गृहीत धरलंय. प्रथिन आहे की नाही हा प्रश्न वाटेचा. ऊर्जा लागते की नाही हा प्रश्न दिशेचा. उतारावरून जायचं असेल तर वाट कितीही खास असली तरी ढकलावं लागत नाही. चढावर जायचं असेल तर ढकलावंच लागतं.

आतड्याच्या आतल्या बाजूची पेशी बघा, एकाच पेशीत दोन्ही प्रकार सापडतात. अन्नाच्या बाजूने ग्लुकोजचा एक रेणू सोडियमच्या दोन आयनांबरोबर आत येतो. आत ग्लुकोज आधीच जास्त असलं तरी येतो, म्हणजे चढ चढून. त्याला ढकलतं कोण? सोडियम उतारावरून आत येत असतो, त्याच्या ओढीने ग्लुकोज वर चढतं. मग तेच ग्लुकोज पेशीच्या दुसऱ्या बाजूने, रक्ताकडे, वेगळ्या प्रथिनातून बाहेर पडतं. तिथे आत जास्त आणि बाहेर कमी असल्यामुळे काहीच खर्च नाही. रेणू तोच, पेशी तीच, दोन्हीकडे प्रथिनं आहेत, तरी एका दाराशी सक्रिय वहन आणि दुसऱ्याशी निष्क्रिय. जलसंजीवनीत साखर आणि मीठ दोन्ही का घालतात, याचं उत्तरही पहिल्या दाराशीच आहे. ती दोघं मिळून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं.

सोडियमचा तो उतार फुकट टिकत नाही. त्यामागे सोडियम-पोटॅशियम पंप आहे. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जाचलनाचा, एक रेणू खर्च करून तो सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना या पंपाचा शोध लावला, नोबेल मात्र मिळालं १९९७ मध्ये, ४० वर्षांनी. हा पंप नसता तर? पेशीत प्रथिनं, न्यूक्लिक आम्लं असे मोठे रेणू अडकलेले असतात, त्यांना बाहेर जाता येत नाही. ते आयनांना आणि पर्यायाने पाण्याला आत ओढत राहतात. वाबेनसारख्या विषाने पंप बंद पाडला तर भित्तिका नसलेली प्राणिपेशी हळूहळू फुगत जाते. तेव्हा सक्रिय वहन हा परासरणाहून वेगळा धडा समजू नका. परासरणाने पेशी फुटू नये म्हणून जी देखभाल चालते, तिचा मोठा वाटा या पंपाचा असतो.

आता माझ्या टेबलाकडे येतो. गुणसूत्रं मोजायची तर पेशी विभाजनाच्या मध्यावस्थेत हवी, तेव्हाच ती आखूड, जाड आणि वेगवेगळी दिसतात. म्हणून वाढत्या पेशींना कोल्चिसिनच्या जातीचं औषध द्यायचं. त्याने गुणसूत्रांना ओढणारे स्पिंडलचे धागे बनत नाहीत आणि पेशी मध्यावस्थेपाशी अडकून राहतात. पण अडकलेल्या पेशीतही गुणसूत्रांचा गुंता असतो, एकावर एक चढलेली, कोण कुठे संपतं ते कळत नाही. मग त्या पेशी ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायच्या. कण मोजा, दुप्पट म्हणजे ०.१५, रक्तद्रवाच्या साधारण निम्मे. पाणी आत येतं, पेशी फुगते, गुणसूत्रं एकमेकांपासून सुटतात. मग स्थिरीकरण करायचं आणि थेंब काचपट्टीवर टाकायचा. किती मिनिटं ठेवायचं हे पेशींच्या प्रकारावर आणि तापमानावर ठरतं. आम्ही ३७ अंशांना १५-२० मिनिटांपासून सुरुवात करायचो आणि पहिली पट्टी बघून पुढचं ठरवायचो. कमी ठेवलं तर गुंता सुटत नाही. जास्त ठेवलं तर पेशी काचेवर पडण्याआधीच फुटतात, शेजारच्या दोन पेशींची गुणसूत्रं मिसळतात आणि मोजणी निरर्थक होते.

नवखा असताना मी एकदा दशांश चिन्ह चुकवलं आणि ०.०७५ ऐवजी ०.७५ मोलर द्रावण केलं. दाट, अतिपरासारी. अख्ख्या दिवसाच्या पट्ट्यांवर आकसलेल्या पेशी आणि त्यांत गुणसूत्रांचे काळे गोळे. नमुने पुन्हा मागवावे लागले. त्या दिवशी ऐकलेले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

या कामाच्या इतिहासात याच्या उलट चूक झाली आणि तिने सगळं बदललं. थिओफिलस पेंटर यांनी १९२३ मध्ये माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं लिहिलं आणि पुढची तीसेक वर्षं सगळे ४८च मानत राहिले. १९५२ च्या सुमारास टेक्सासमध्ये टी. सी. शू यांच्या हाती अचानक सुरेख पसरलेली गुणसूत्रं लागली. पेशी धुण्याचं क्षारद्रावण चुकून पातळ झालं होतं, म्हणजे अवपरासारी. इतकं स्वच्छ दिसत असूनही त्यांनी तेव्हा ४८च लिहिलं, याची मला दरवेळी गंमत वाटते. डोळ्यांपुढे ४६ असताना डोक्यात ४८ असतील तर डोकं जिंकतं! शेवटी स्वीडनमधल्या लुंडमध्ये जो हिन त्जियो आणि आल्बर्ट लेवान यांनी अवपरासारी द्रावण आणि कोल्चिसिन दोन्ही नीट वापरून १९५६ मध्ये ४६ हा आकडा छापला. माणसाची गुणसूत्रं किती, याचं उत्तर परासरणाशिवाय मिळालं नसतं असं मी म्हणतो ते यामुळे.

तर तुमचा ४६ की ९२. इथेही तोच प्रश्न, काय मोजताय? मोजण्यासारख्या गोष्टी तीन आहेत: गुणसूत्रं, क्रोमॅटिड (गुणसूत्राच्या जोडलेल्या दोन प्रतींपैकी एक) आणि डीएनए. गुणसूत्रांसाठी प्रयोगशाळेतला आमचा नियम साधा होता, गुणसूत्रबिंदू, म्हणजे दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात ती जागा, मोजा. जितके सुटे गुणसूत्रबिंदू, तितकी गुणसूत्रं.

जी-१ मध्ये, म्हणजे एस टप्प्याच्या आधी, ४६ गुणसूत्रं, प्रत्येकात डीएनएचा एक रेणू. एस टप्प्यात प्रत्येक रेणूची प्रत तयार होते, पण दोन्ही प्रती गुणसूत्रबिंदूपाशी एकत्र असतात. म्हणून जी-२ मध्ये, म्हणजे एस टप्प्यानंतर विभाजनाआधी, गुणसूत्रं ४६च, क्रोमॅटिड ९२, डीएनए दुप्पट. ‘एस टप्प्यात दुप्पट होतं’ हे वाक्य डीएनएबद्दल खरं आहे. गुणसूत्रांच्या संख्येबद्दल खरं नाही. मध्यावस्थेतही हेच आकडे. पश्चावस्थेत जोडी सुटते, गुणसूत्रबिंदू वेगळे होतात आणि त्या क्षणापासून पूर्ण पेशीत ९२ गुणसूत्रं धरायची, प्रत्येक ध्रुवाकडे ४६. डीएनए मात्र त्या क्षणी वाढलेलं नाही, ते एस टप्प्यातच वाढून बसलंय. सुटल्यावर त्यांना क्रोमॅटिड म्हणायचं की नाही, याबाबत पुस्तकांचे संकेत वेगवेगळे आहेत. तुमच्या अभ्यासक्रमाचं पुस्तक जे म्हणतं ते धरा, भांडू नका.

जननपेशी बनवणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनात घोळ वाढतो, कारण पहिल्या फेरीत गुणसूत्रबिंदू सुटतच नाहीत. जोडीदार गुणसूत्रं एकमेकांपासून दूर जातात, पण प्रत्येकाची दोन क्रोमॅटिडं एकत्रच राहतात. त्यामुळे पहिल्या पश्चावस्थेत पेशीत अजून ४६, प्रत्येक ध्रुवाकडे २३. पहिली फेरी संपल्यावर एका पेशीत गुणसूत्रं २३, पण डीएनए किती? जी-१ मधल्या साध्या पेशीइतकंच! संख्या निम्मी झाली आणि डीएनए जी-१ च्याच पातळीवर. मुलं इथे हटकून अडखळतात, कारण दोन्ही आकडे एकत्र चालतात असं त्यांच्या मनात असतं. दुसऱ्या फेरीत गुणसूत्रबिंदू सुटतात, आणि फेरी संपल्यावर प्रत्येक पेशीत गुणसूत्रं २३च राहतात आणि डीएनए निम्मं होतं.

दोन्ही मोजमापं वेगळी असल्याचा पुरावा यंत्रातही मिळतो. फ्लो सायटोमीटर डीएनएला चिकटणाऱ्या रंगाची चमक मोजतो. वाढत्या पेशींच्या आलेखात दोन शिखरं येतात, एक जी-१ चं आणि दुसरं बरोबर दुप्पट चमकेवर. त्या दुसऱ्या शिखरात जी-२ आणि विभाजित होणाऱ्या पेशी दोन्ही असतात. नुसत्या डीएनएवरून यंत्राला त्या वेगळ्या सांगता येत नाहीत. त्यासाठी सूक्ष्मदर्शक तरी लागतो, नाहीतर विभाजनाची वेगळी खूण तरी.

स्वतःला तपासायचं असेल तर कांद्याच्या मुळाच्या टोकाची पेशी घ्या, तिच्यात १६ गुणसूत्रं. जी-२ मध्ये गुणसूत्रं किती आणि क्रोमॅटिड किती? पश्चावस्थेत पूर्ण पेशीत किती, एका ध्रुवाकडे किती? १६, ३२, ३२, १६ आलं तर झालं. ‘पेशीत’ आणि ‘ध्रुवाकडे’ हे शब्द प्रश्नात शोधून अधोरेखित करायची सवय लावा, निम्म्या चुका तिथेच होतात.

राहिला शेवटचा प्रश्न, विभाजनावेळी पटलातली ये-जा थांबते का. नाही थांबत. पंप चालू असतात, आणि आयनांच्या या वहनाचा विभाजनाला उपयोगच होतो. तळाला चपट्या चिकटलेल्या प्राणिपेशी विभाजनाला लागल्या की पकड सैल करतात आणि गोल होतात. पटलाखालचा प्रथिनांचा थर आवळला जातो आणि आतला पाण्याचा दाब वाढतो, दोन्ही मिळून पेशीला गोलाकार देतात, म्हणजे स्पिंडलला आत जागा मिळते. प्रयोगशाळेत याचा आम्ही सोपा फायदा घ्यायचो. वाढत्या पेशींच्या बाटलीला कडेने हलकेच चापट मारली की चपट्या पेशी तळाला तशाच राहतात, गोल झालेल्या सुटून वर द्रवात येतात. तो द्रव ओतून घेतला की हातात जवळजवळ सगळ्या विभाजित होणाऱ्याच पेशी. तुमच्या महाविद्यालयात पेशीसंवर्धनाची सोय असेल तर हे एकदा करून बघायला मागा. नसेल तर युरियाच्या दोन नळ्यांचा प्रयोग मागा, त्याला परीक्षानळ्या आणि रक्ताचे दोन थेंब पुरतात. रक्त मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि हातमोजे घालूनच हाताळा.